नाशिकची थंडी, नाशिकचा नाताळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिक परिसरात दोन तऱ्हेचे उजेड दिसतात. शरणपूर रोड, त्र्यंबक नाका, नाशिकरोड, देवळाली कॅम्प या भागांतल्या ख्रिस्ती घरांच्या गॅलऱ्यांत कागदी चांदण्या लागलेल्या असतात. शहराबाहेर, निफाड-दिंडोरीच्या अंगाला, पारा फारच उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. एक उजेड सणाचा आणि दुसरा काळजीचा असला तरी हंगाम एकच. नाशिकचा नाताळ समजून घ्यायचा तर आधी नाशिकची थंडी समजून घ्यावी, असे मला वाटते.

बाजारातला नाताळ मात्र बर्फ घेऊन येतो. प्लास्टिकच्या झाडावर कापूस पसरतात, काचांवर पांढरा फेस फवारतात, शुभेच्छापत्रावर बर्फात बुडालेले घर असते. या बर्फाचा येशूच्या जन्मकथेशी काही संबंध नाही. तो आला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून. १८४३ साली लंडनमध्ये चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र विक्रीला आणले. डिकन्स यांचा जन्म १८१२ चा. त्यांचे बालपण ज्या दशकात गेले, ते इंग्लंडमधले विलक्षण थंड दशक होते. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याची राख आणि वायू आकाशात पसरले, आणि पुढचे १८१६ साल युरोपात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ ठरले. लहानपणी पाहिलेला बर्फ त्यांच्या लिखाणात उतरला, तिथून पत्रांवर आला आणि पत्रांबरोबर जगभर गेला.

प्रत्यक्ष बेथलेहेम मात्र वेगळेच गाव आहे. जेरुसलेमच्या दक्षिणेला, डोंगराच्या कण्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटर उंचीवर ते वसले आहे. तिथला हिवाळा पावसाचा, रात्री गार वाऱ्याच्या. हिम पडते ते एखाद्या वर्षी. नाशिक त्याच्यापेक्षा थोडे खाली, सहाशे मीटरांच्या आतबाहेर. नाशिकचा हिवाळा कोरडा आहे हा फरक मोठा खरा, पण अंगाला जाणवणारा गारवा, उघडा माळ आणि पहाटेचा वारा पाहिला तर बेथलेहेमच्या रात्रीला लंडनपेक्षा नाशिक जवळचे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची बातमी पहिल्यांदा कळते ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. जन्माची तारीख त्यात नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याची सर्वात जुनी नोंद सन ३३६ ची आहे. त्यामुळे मेंढपाळ खरोखर डिसेंबरात उघड्यावर होते का, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. नाशिकमध्ये बसून या वादाकडे पाहिले की एक गोष्ट मनात येते. आपल्याकडे डिसेंबर हाच मेंढ्यांचे कळप रानोमाळ दिसण्याचा महिना आहे. पावसाळा संपला की धनगर आणि ठेलारी कुटुंबे घोड्यांवर संसार लादून निघतात. खरिपाची काढणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतांत शेतकरी त्यांच्या मेंढ्या ‘बसवतात’. रात्रभर कळप एका रानात राहिला की लेंडीखत आणि मूत्र थेट जमिनीत मुरते, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. जाळीच्या कुंपणात मेंढ्या, कडेला शेकोटी, घोंगडी पांघरून बसलेला राखणदार आणि उसात बिबट्या असेल म्हणून सतत ताणलेले कान, हे चित्र सिन्नर-निफाडकडे आजही पाहायला मिळते. चर्चमधल्या नाटिकेत मेंढपाळ झालेली मुले घोंगडी पांघरून येतात, तेव्हा ती दूरदेशीची गोष्ट सांगत नसतात.

नाशिकला एवढी थंडी पडते कशी? मुंबईपासून रस्त्याने जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवरचे हे शहर. डिसेंबरात मुंबईकर पंखा लावून झोपतात आणि नाशिककर रजई शोधतात. पहिले कारण उंची. हवा वर चढताना विरळ होते आणि गार होत जाते, हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशोबाने. म्हणजे नाशिकच्या उंचीनेच साडेतीन-चार अंश कमी झाले. दुसरे कारण समुद्र. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून समुद्रकाठच्या रात्री उबदार राहतात. सह्याद्री ओलांडला की ती ऊब मागे राहते. तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे, ते म्हणजे कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असते. हवेत बाष्प असेल किंवा वर ढग असतील तर त्यातली बरीच उष्णता परत फिरते. डिसेंबरात नाशिकवर दोन्ही नसतात. त्यामुळे दुपारी २७-२८ अंशांवर असलेला पारा पहाटे दहाच्या आसपास येतो आणि थंडीची लाट असेल तर त्याच्याही पुष्कळ खाली.

ही लाट येते उत्तरेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलावर बर्फ टाकून पुढे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग कोरडे गार वारे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश ओलांडून उत्तर महाराष्ट्रात उतरतात. हिमाचलात बर्फवृष्टी झाल्याची बातमी वाचली की जाणते द्राक्षबागायतदार दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या थंडीची तयारी सुरू करतात. उलट बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ढग आले की थंडी एका रात्रीत पळते. शहरातल्या माणसाला तेवढेच बरे वाटते. द्राक्षवाल्याच्या पोटात मात्र तेव्हाच गोळा येतो.

जिल्ह्यातही थंडी सारखी नसते. वर्तमानपत्रांत नेहमी झळकते ते निफाडचे नाव, कारण तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमानाची नोंद होते आणि ती नाशिक शहरापेक्षा बहुधा दोन-चार अंशांनी कमी असते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस, ऐन नाताळच्या आठवड्यात, तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून घरंगळत सखल भागात साठते आणि गोदावरी-कादवेच्या काठचा निफाडचा मोकळा सपाट पट्टा तिला सोयीचा आहे. शहरात काँक्रीट, डांबर आणि वाहने रात्रभर ऊब सोडत राहतात.

‘दवबिंदू गोठले’ अशी बातमी येते तेव्हा वाचक बुचकळ्यात पडतात. पारा तर तीन अंशांवर, मग पाणी गोठले कसे? तापमापक जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. उघड्या आकाशाखालच्या गवताची पाती त्याहून कितीतरी अंशांनी गार झालेली असतात. म्हणून हवा शून्यावर न येताही पात्यांवर बर्फाची साय धरते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. दिवसातली सर्वात गार वेळ मध्यरात्र नसते, ती सूर्योदयाच्या आसपास असते. रात्रभर उष्णता जातच राहते आणि कोवळे ऊन तिची भरपाई करू लागेपर्यंत पारा उतरत राहतो. नाताळच्या सुमारास नाशिकला सूर्य उगवतो सातनंतर. दिवस अकरा तासांहूनही किंचित लहान असतो. वर्षातला सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण जमीन निवायला वेळ लागतो, म्हणून जानेवारीतही थंडीचे मोठे तडाखे बसतात.

आता बागेत जाऊ, कारण या जिल्ह्यात थंडीचा सर्वात काटेकोर हिशोब तिथेच ठेवला जातो. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे होणारी गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर घड येतात आणि नाताळच्या सुमारास बहुतेक बागांत मणी फुगत असतात, काही ठिकाणी त्यांत पाणी उतरू लागलेले, म्हणजे ते पिकू लागलेले असतात. बागलाणात, म्हणजे सटाण्याकडे, काही शेतकरी पावसाळ्यातच छाटणी उरकण्याची जोखीम घेतात, म्हणून त्यांची ‘अर्ली’ द्राक्षे डिसेंबरातच बाजारात दिसतात. बाकीचा जिल्हा जानेवारी ते एप्रिलपर्यंत तोडणी करतो. म्हणजे नाताळची थंडी पडते ती नेमकी वर्षभराची कमाई वेलीवर लटकत असताना.

पारा आठ-दहा अंशांच्या खाली राहिला की वेलीचे काम मंदावते आणि मण्यांची फुगवण थांबते. आणखी उतरला तर मणी तडकतात. दिवसरात्रीच्या तापमानात फार अंतर पडले की थॉमसनसारख्या पांढऱ्या जातीचे मणी गुलाबी होऊ लागतात, त्याला बागायतदार ‘पिंक बेरी’ म्हणतात. असा माल निर्यातीत चालत नाही. म्हणून पाणी उतरण्याआधी प्रत्येक घडाला कागद गुंडाळतात. एका एकरातले हजारो घड एकेक करून झाकणारे मजुरांचे हात डिसेंबरात पाहावेत. कोरड्या थंडीत भुरी या रोगाचा, ढगाळ दमट हवेत डावणी या रोगाचा धोका, त्यामुळे आकाशाचा रंग बदलला की फवारणीही बदलते.

पहाटेच्या शेकोट्यांमागचे शास्त्र थोडे समजून घेण्यासारखे आहे. धुराच्या पडद्याने ऊब अडते असा समज आहे, पण धुराचे कण जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि हवा ढवळली जाण्याचा. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा सर्वात गार असते आणि काही मीटर वर तुलनेने उबदार थर असतो. जाळामुळे खालची हवा हलकी होऊन वर जाते आणि वरची ऊब खाली मिसळते. म्हणून एक मोठी आग पेटवण्यापेक्षा बागेत जागोजागी लहान शेकोट्या कामाच्या. मोठा लोळ तो उबदार थर भेदून सरळ वर निघून जातो. पहाटे ठिबक सुरू करण्यामागेही कारण आहे. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवून रात्री सावकाश सोडते.

हीच थंडी मोजून-मापून पडली तर वरदान ठरते. गार रात्रीत वेलीचा श्वासोच्छ्वास मंद चालतो, मण्यातले आम्ल टिकते आणि फळाला नुसत्या गोडीपेक्षा चव येते. वाइनसाठी लागते ते हेच. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात सुला सुरू केली तेव्हा नाशिकची ही हवा त्यांच्या हिशोबात होती.

नाताळच्या केकमधले बेदाणेही इथूनच निघतात, पण आदल्या उन्हाळ्यातले. थॉमसनचे घड तोडून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की मण्यावरचा मेणचट थर मोकळा होतो, मग शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत, वाऱ्याने ते दोन आठवड्यांच्या आतबाहेर सुकतात. सांगली-तासगाव या धंद्यात पुढे आहे, आणि नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत. नोव्हेंबरात हे बेदाणे, काळ्या मनुका, जर्दाळू, संत्र्याची साल रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजत घालायची पद्धत अनेक घरांत आहे. अल्कोहोलमुळे फळे टिकतात आणि पाण्यात न उतरणारे सुगंधी घटक त्यात उतरतात. रसात भिजवलेली फळे मात्र फ्रिजमध्ये ठेवावीत आणि आठवडाभरात वापरावीत.

नाताळ नाशिकमध्ये कधी रुजला हे पाहायला शरणपूरला यावे लागते. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकमध्ये १८३२ मध्ये काम सुरू केले आणि १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या गावाबाहेर शरणपूरची वसाहत उभी केली. अनाथ मुले, धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेली कुटुंबे यांना तिथे आसरा आणि सुतारकाम, लोहारकाम अशा हातच्या धंद्यांचे शिक्षण मिळे. या वसाहतीचा एक अध्याय नाशिकच्या शाळांतून शिकवला जायला हवा. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे ब्रिटिश आरमार अडवत असे, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली कित्येक १८६० नंतर शरणपूरला आली. इथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. सहकाऱ्यांसह त्याने त्यांचा देह किनाऱ्यावर पोहोचवला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवले तेव्हा नाशिकला शिकलेली आफ्रिकन माणसेच तिथे मदतीला गेली. मराठी आणि आफ्रिकन मुले नाशिकच्या एकाच वसाहतीत नाताळ साजरा करत होती, ही आपल्या शहराच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

नाताळाला मराठी आवाज दिला तो मात्र दुसऱ्यांनी. मिशनऱ्यांनी आणलेली इंग्रजी चालींची भाषांतरित गाणी लोकांच्या तोंडी बसत नव्हती. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने आणि देशी चालींची पदे रचली, आणि त्या वाटेवर सर्वात पुढे गेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची जडणघडण नाशिकची. गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते इथेच संस्कृत शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी. त्या ताटातुटीची आणि पुनर्भेटीची हकीकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी ज्या निर्मळपणे सांगितली आहे, तिला मराठीत तोड नाही. टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेही नाशिकलाच. टिळकांची शंभरावर गीते ‘उपासना संगीत’ या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतपुस्तकात आहेत. त्यामुळे शरणपूर रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चसारख्या ठिकाणी नाताळच्या उपासनेत पेटी, तबला, झांजा आणि अभंगाची चाल ऐकू येते. डिसेंबरात रात्री घरोघर फिरणाऱ्या गाणाऱ्यांच्या टोळ्यांना सगळे ‘कॅरोल’ म्हणतात खरे, पण ढोलकीच्या ठेक्यावर चाललेले ते गाणे ऐकणाऱ्याला दिंडीचीच आठवण यावी.

कॅथॉलिक मंडळींचा नाताळ थोडा निराळा आहे, कारण ती अनेक वाटांनी इथे आली. देवळालीची छावणी, रेल्वे, १९२० च्या दशकात नाशिकरोडला आलेला सिक्युरिटी प्रेस, १९६० च्या दशकातला ओझरचा विमान कारखाना यांनी गोवेकर, मंगळूरकर, केरळी, तमिळ कुटुंबांना नाशिककर केले. १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा होऊन नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यामुळे नाताळच्या ताटात सगळा देश येतो. गोवेकर घरातून नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल. केरळी घरातून गडद रंगाचा केक. आणि मराठी ख्रिस्ती घरातून करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे. हा फराळ दिवाळीची नक्कल नाही. धर्म बदलला तरी आजीचा हात, चुलीवरची कढई आणि आनंदाची चव कशी असते याची समज बदलली नाही, म्हणून तो टिकला. शेजाऱ्यांनी दिवाळीला पाठवलेले ताट नाताळला परत भरून जाते आणि ज्या वाड्यांत, सोसायट्यांत ही देवाणघेवाण अजून चालू आहे तिथे ती जपावी असे मला मनापासून वाटते. दुपारचे जेवण मात्र मटणाचेच, बिर्याणी नाहीतर रस्सा-भाकरी.

दारावरच्या चांदणीचा पूर्वजही असाच फिरत आला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मोराव्हियन पंथाच्या शाळेत भूमितीच्या अभ्यासासाठी मुलांकडून अनेक टोकांचा कागदी तारा करवून घेत, पुढे तो हेर्नहूट गावी नाताळचा दिवा झाला. आपल्याकडे आकाशकंदील करणारे हात होतेच. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद येवल्यासारख्या पतंगांच्या गावाच्या जिल्ह्यात काय दुर्मीळ? घरातल्या गोठ्याचा देखावा त्याहून जुना आहे. १२२३ मध्ये संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतल्या ग्रेचो गावात खऱ्या बैल-गाढवासह तो मांडला, असे सांगतात. आपल्या घरांत गवतासाठी ट्रेमध्ये गहू किंवा नाचणी आठ-दहा दिवस आधी पेरतात. नाशिकच्या थंडीत अंकुर सावकाश येतात, म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात मोड आणून मगच पेरावे आणि ट्रे दिवसा उन्हात, रात्री घरात ठेवावा.

बागेतल्या पॉइन्सेटियाचाही थंडीपेक्षा रात्रीशी संबंध आहे. मूळ मेक्सिकोच्या या झाडाची वरची पाने रोज बारा तासांहून जास्त अखंड अंधार मिळू लागला की लाल होतात. खरी फुले म्हणजे मधले पिवळे ठिपके. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली असेल तर नाताळ येऊन जातो आणि पाने हिरवीच राहतात. ऑक्टोबरपासून ती संध्याकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावी. शेवंतीही याच स्वभावाची.

आता २४ डिसेंबरच्या रात्रीबद्दल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असल्यामुळे काही ठिकाणी मिस्सा लवकर होते, काही ठिकाणी मध्यरात्रीचीच असते. मैदानात मंडप असेल तर जमिनीचा गारवा पायांतून चढतो, म्हणून मोजे आणि बंद बूट शालीइतकेच महत्त्वाचे. ऊब कापडात नसते, कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते; एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी एवढी उबदार का लागते त्याचे उत्तरही हेच. परतताना दुचाकीवर विशेष जपावे. हवा दहा अंशांवर असताना ताशी चाळीसच्या वेगाने गेले तर उघड्या कातडीला ती सुमारे सहा अंशांसारखी लागते. कानटोपी किंवा मफलर हेल्मेटच्या आत, आणि छातीवर वारा न शिरणारे जाकीट असावे.

एका बाबतीत मात्र हयगय नको. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत घेऊन झोपू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझरही तसाच धोक्याचा, तिथे हवेला वाट हवीच. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहाटे फिरायला न पाठवता ऊन आल्यावर पाठवावे. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. शिवाय शेकोट्यांचा, वाहनांचा धूर त्या वेळी जमिनीलगतच अडकलेला असतो. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नये. अंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कुळथाचे शेंगोळे, डिंकाचा लाडू यांची गोडी याच दिवसांत आहे. केकच्या दोन तुकड्यांनंतर संध्याकाळी गरम शेंगोळ्यांची वाटी कशी लागते हे नाशिककराला सांगायला नको.

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचे असेल तर मॉलऐवजी नांदूर मध्यमेश्वरला जावे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. चापडगावच्या बाजूने सकाळी गेले तर उत्तरेतून थंडी टाळायला आलेले थापट्या, तलवार बदक, चक्रवाक पाण्यावर दिसतात. जी थंडी आपल्याला हुडहुडी भरवते ती सैबेरिया आणि मध्य आशियातल्या या पाहुण्यांना उबदार वाटते. दुर्बीण, कानटोपी आणि फराळाचा डबा बरोबर असावा. कचरा परत आणावा.

३१ डिसेंबरच्या रात्री प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पुन्हा दिवे लागतात. वर्ष सरताना जागून प्रार्थना करण्याची ही रीत अठराव्या शतकात मोराव्हियन लोकांनी सुरू केली आणि जॉन वेस्ली यांच्या मेथॉडिस्टांनी पसरवली. जानेवारीत येवल्याचे पतंग उडतात, तीळगूळ वाटला जातो. मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात यात्रा भरते. प्रागमधल्या बाळ येशूच्या भक्तीतून आलेल्या या उत्सवाला मुंबई, वसई, गोवा आणि पार दक्षिणेतून भाविक येतात. सर्व धर्मांचे नाशिककर मेणबत्ती लावायला रांगेत उभे राहतात. तोवर रात्रीचा गारवा कमी झालेला असतो, पिंपळगावच्या रस्त्यांवर क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि यात्रेहून परतणाऱ्यांच्या हातात मेणबत्त्यांच्या पुड्यांबरोबर द्राक्षांची पेटीही असते.